मिरगाचा कोंबडा आणि मासळीचा बर्फ

मे महिना अर्धा सरला की गोव्यातल्या आमच्या पेडणे तालुक्यात माणसं दोन ठिकाणी बघायची. एक आभाळात आणि दुसरं खुराड्यात. जूनच्या सात-आठ तारखेला मृग नक्षत्र लागतं, त्याला आम्ही मिरग म्हणतो. मिरगाला राखणदाराला कोंबडा द्यायचा, त्याचीच शागोती करायची, वड्यांबरोबर खायची आणि मग नांगर धरायचा, ही तळकोकणापासून आमच्यापर्यंत चालत आलेली रीत. हा कोंबडा बाजारातला नसे. तो वर्षभर अंगणात डोळ्यांसमोर वाढे. पाव्हणे आले, पोर आजारी पडलं, पैशांची नड निघाली, तरी त्याला कुणी हात लावायचं नाही. तो मिरगाचा.

आणि नेमका मिरगाच्या तोंडावर रोग यायचा.

१९६६ सालचा मे महिना मला लख्ख आठवतो. मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या खुराड्यात चौदा कोंबड्या होत्या. आईने सकाळी फळी काढली, सगळ्या फडफडत बाहेर आल्या, एक तलंग तेवढी दारातच पिसं फुगवून बसून राहिली. तिच्या खाली हिरवट पांढरं पाणी. दुपारी ती तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागली. संध्याकाळी तिची मान पिळल्यासारखी मागे वळली आणि ती आभाळाकडे बघत गोल गोल फिरू लागली. आईने लसूण-हळदीची गोळी तिच्या चोचीत कोंबली खरी, पण शब्द एकच उच्चारला, "मानमोडी." आठ दिवसांनी खुराड्यात तीन कोंबड्या उरल्या. मिरगाचा कोंबडा त्यांत नव्हता. वडील शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून एक कोंबडा घेऊन आले, गाऱ्हाणं झालं, शागोती शिजली. आई जेवायला बसली नाही.

तिचं दुःख कळायला मला बरीच वर्षं लागली. आमच्याकडे भात घरातल्या पुरुषांचं, नारळ भाटकाराचे, काजूच्या बिया सावकाराच्या. कोंबड्या तेवढ्या बायकांच्या. अंडी विकून आलेले पैसे आईच्या लुगड्याच्या गाठीला जायचे. त्यातून माझी पाटी यायची, बहिणीच्या बांगड्या यायच्या, माहेरी जायचं झालं तर फेरीचं भाडं निघायचं. अकरा कोंबड्या मेल्या म्हणजे आईची बँक बुडाली होती. त्या बँकेचा हिशेब ना सरकारी कागदावर होता, ना वडिलांच्या वहीत.

पुढे १९८० साली मी पशुवैद्यकीय कामात सहायक म्हणून लागलो आणि सदतीस वर्षं पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतल्या कोंबड्यांना लस टोचत फिरलो. मी डॉक्टर नव्हतो. पण पोर्तुगीज गेले तरी त्यांचा 'दोतोर' आमच्या जिभेवर राहिला होता, त्यामुळे गावोगाव माझं नाव पडलं, 'कोंब्यांचो दोतोर'. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मी कधी मोजलं नाही.

*

मानमोडी हा शब्द आमच्या आजीच्या तोंडी दोन अर्थांनी यायचा. एक कोंबड्यांचा रोग आणि दुसरा १९१८ सालचा माणसांचा. पहिल्या महायुद्धाच्या शेवटाला इन्फ्लुएन्झाची जी साथ जगभर पसरली, तिला मराठी मुलखात मानमोडीच म्हणत. आजीच्या माहेरची माणसं तिच्यात गेली होती. त्यामुळे कोंबडीची मान वळलेली दिसली की आजी आधी नातवंडांना घरात घ्यायची. कोंबडीचा हा रोग माणसाला असा मारत नाही, फार तर डोळे येतात. आजीला ते कोण सांगणार? नाव एकच असल्यामुळे तिला भीतीही एकच वाटायची.

शास्त्राच्या पुस्तकात या रोगाची जन्मतारीख पुढची आहे. १९२६ साली जावा बेटावर कोंबड्या पटापट मरायला लागल्या, तेव्हा क्रानेफेल्ड नावाच्या डच पशुवैद्याने त्याची नोंद केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये टाइन नदीवरच्या न्यूकॅसल बंदराजवळ तसाच रोग दिसला. डॉयल या शास्त्रज्ञाने त्याला तात्पुरतं म्हणून न्यूकॅसल हे नाव दिलं आणि ते कायमचं चिकटलं. १९२७ साली कुमाऊंच्या डोंगरातल्या रानीखेत या छावणीच्या गावी हाच रोग सापडला. एडवर्ड्स यांनी त्याला त्या गावाचं नाव दिलं आणि हिंदुस्थानच्या सरकारदरबारी तो रानीखेत झाला. एकाच विषाणूला दोन मुलखांत दोन नावं मिळाली. आमच्या तिसऱ्या नावात मात्र गाव नाही, रोगाचं रूप आहे. पेडण्यातल्या बाईला रानीखेत कुठे आहे हे ठाऊक असायचं कारण नव्हतं, मान मोडलेली कोंबडी तिने पाहिलेली होती.

रानीखेतपासून जवळच, त्याच कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वर आहे. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेचं मूळ मात्र मराठी मुलखातलं. १८८९ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली आणि आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. जनावरांच्या जहाल रोगांचे जंतू भरवस्तीत ठेवणं धोक्याचं, शिवाय काम करायला थंड हवा हवी, म्हणून १८९३ साली ती मुक्तेश्वरला नेली. चिंता तेव्हा कोंबड्यांची नव्हती. गुरांच्या बुळकांडीने गावंच्या गावं बसत होती, त्यासाठी हा खटाटोप होता. कोंबडीची पाळी यायला आणखी तीसेक वर्षं गेली.

गंमत अशी की प्रयोगशाळेत तयार केलेली जगातली पहिली लस ज्यांना मिळाली, त्या कोंबड्याच होत्या. १८७९-८० साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करत होते. सुटीच्या दिवसांत पडून राहिलेलं जंतूंचं जुनं मिश्रण टोचल्यावर कोंबड्या मेल्या नाहीत आणि पुढे ताजे जहाल जंतू टोचले तरी तगल्या, अशी ती गोष्ट सांगतात. ती सांगितली जाते तितकी सरळ घडली नसावी, असं आता इतिहासकार म्हणतात. तरी जंतू दुबळा करून तोच ढाल म्हणून वापरायचा, ही युक्ती तिथून सुरू झाली हे खरं. गोठ्यातल्या गाईने जेन्नरला देवीची लस दिली, तर खुराड्यातल्या कोंबडीने पाश्चरला प्रयोगशाळेतली.

मुक्तेश्वरला हेच झालं. हॅडो आणि इदनानी या शास्त्रज्ञांनी रानीखेतचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातल्या जिवंत गर्भात एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा वाढवत नेला. मोठ्या कोंबडीला तो मारणार नाही, पण तिच्या अंगात प्रतिकार उभा करेल इतका तो नरम झाला. १९४० च्या दशकात ही लस देशात वापरात आली. तिला मुक्तेश्वर लस म्हणत, आमच्या भाषेत 'आर टू बी'. माझी सदतीस वर्षं मुख्यतः याच तीन अक्षरांच्या सोबतीने गेली.

*

लस करणाऱ्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. पण ती लस कुठे केली आणि कुठे पोचवायची होती, तेही बघा. मुक्तेश्वर समुद्रसपाटीपासून साडेसात हजार फुटांवर आहे, तिथे उन्हाळ्यातही अंगावर लोकरीचं काही घ्यावं लागतं. आणि लस हवी होती धारगळच्या उघड्या माळावर, हरमलच्या रेतीत, साळच्या कुळागरात, ऐन एप्रिल-मे महिन्यात. जिवंत विषाणूची लस आहे ती, उन्हात विषाणू मेला की उरतं मिठाचं पाणी. तेच टोचलं तर कोंबडीला इजा होत नाही आणि संरक्षणही मिळत नाही. बाई मात्र समजते, लस झाली.

माझ्याकडे सामान असं: काचेची सिरिंज, चार सुया, सुया उकळायला स्टीलचा डबा, सलाईनची बाटली, कापूस आणि एक थर्मास. थर्मासात बर्फ आणि बर्फात लसीच्या कुप्या. कुपीच्या तळाला पांढुरक्या चकतीसारखी सुकवलेली लस असायची. एका कुपीत शंभर मात्रा. पन्नास मिलिलिटर सलाईनमध्ये ती विरघळवायची, पंखाच्या मुळाशी कातडीखाली अर्धा मिलिलिटर सोडायचा. पाणी घातल्यापासून दोन तासांच्या आत सगळी संपवायची, उरली तर फेकायची.

बर्फ संपला की गावात आइस फॅक्टरी कुठून आणणार? इथे मासळीने हात दिला. गोव्यात सकाळच्या वेळी बर्फ हमखास सापडेल अशी एकच जागा असायची, मासळीची पाटी. शिवोलीहून चोपड्याला पूल झाला नव्हता, तेव्हा शापोरा नदी फेरीने ओलांडावी लागे. त्या फेरीत बसलेल्या मासळीवाल्या बायका मला नावाने ओळखायच्या. बांगड्यांच्या पाटीतला मूठभर बर्फ त्या माझ्या थर्मासात ढकलायच्या आणि म्हणायच्या, "आज कोणाच्यो कोंब्यो?" त्या दिवसांत माझ्या थर्मासाला बांगड्यांचा वास यायचा. मोठ्या शहरात 'शीतसाखळी' हा शब्द ऐकला तेव्हा मला आधी त्या पाट्याच आठवल्या. मांद्रे, हरमल, केरीच्या पट्ट्यातली शीतसाखळी मासळीवाल्यांनी धरली होती.

उन्हापेक्षा अवघड होता तो शंभराचा आकडा. ही लस पाचशे-हजार पक्ष्यांच्या फार्मसाठी सोयीची. आमच्याकडे घराला सात, आठ, फार तर पंधरा कोंबड्या. एक घर इथे, दुसरं शेतापलीकडे, तिसरं घाटीवर. दोन तासांत शंभर कोंबड्या हाताखालून काढायच्या म्हणजे दहा-बारा घरं धरायची. आणि दिवस उजाडल्यावर गावठी कोंबडी हाताला लागत नाही. ती माडाच्या आळ्यात असेल, गवताच्या उडवीवर असेल, शेजाऱ्याच्या परसात असेल. म्हणून मी पहाटे जायचो, खुराड्याच्या फळ्या काढायच्या आधी. आदल्या दिवशी संध्याकाळी वाड्यावर जाऊन सांगून यायचं की उद्या मी आल्याशिवाय फळी काढू नका. पहाटे साडेपाचला वाड्याच्या तोंडाशी सायकलची घंटा वाजली की पहिल्या घरातून हाक निघे, "दोतोर इलो गे!" आणि ती हाक घराघरातून पुढे सरके.

खुराड्यात हात घालणारी बाईच असायची. पुरुष अंगणात विडी ओढत बघत राहायचा. ती एकेक कोंबडी पायाला धरून काढणार, पंख उलगडून माझ्यासमोर धरणार आणि तेवढ्यात त्या कोंबडीची कुंडली सांगणार. ही खुडूक आहे, ही दिवसाआड घालते, हिला मुंगसाने धरलं होतं पण सुटली, हा मिरगाचा. पंखाखालची कातडी पहाटे ऊनऊन असते. तिथली चार पिसं अंगठ्याने बाजूला केली की निळसर शीर दिसते, ती चुकवून सुई घालायची. कोंबडी एकदा कचकचते आणि गप्प होते. सोडली की अंग झाडून चालू लागते. एका घराला पाच-सात मिनिटं. तेवढ्यात काळा चहा पुढे आलेला असायचा. तो नाकारला तर पुढच्या वेळी फळी उघडी सापडणार हे मी पहिल्याच वर्षी शिकलो.

पिल्लांची गोष्ट आणखी नाजूक. ही लस सहा-आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला झेपत नाही, पाय लुळे पडतात, मरतंही. लहान पिल्लासाठी सौम्य लस असते, तिचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकायचा. १९४६ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या अ‍ॅडम लासोटा नावाच्या माणसाच्या फार्मवर सापडलेल्या विषाणूपासून केलेली लस आज त्याच्या आडनावाने जगभर चालते. पण फार्ममध्ये सगळी पिल्लं एकाच दिवशी जन्मतात. आमच्या अंगणात एका कोंबडीची पिल्लं चार दिवसांची, दुसरीची महिन्याची, तिसरी अजून अंड्यांवर. कुणाला थेंब, कुणाला सुई आणि कुणाला पुढच्या खेपेला, हे ठरवता ठरवता थर्मासातला बर्फ वितळून जायचा.

*

विश्वास बसायला वेळ लागला आणि एकदा मीच तो घालवला.

नोकरीचं आठवं-नववं वर्ष असेल. डिचोली तालुक्यातला एक वाडा, नाव सांगत नाही. पहाटे पोचलो, उशीर झाला होता म्हणून घाई होती. पहिल्याच घरी एक कोंबडी खुराड्याच्या कोपऱ्यात सुस्त बसलेली मला दिसली. खुडूक असेल म्हणून मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. सुई उकळायला वेळ नव्हता, कापसाने पुसून पुढे गेलो. त्याच सुईने अकरा घरं केली. सहाव्या दिवशी निरोप आला. अर्धा वाडा मेला होता.

लस खराब नव्हती. रोग त्या पहिल्या घरात आधीच शिरला होता आणि मी सुईच्या टोकावरून, हातांवरून, चपलेच्या तळव्यावरून तो अकरा घरांत वाटत गेलो होतो. ज्या कोंबड्यांच्या अंगात आधीच रोग मुरत होता, त्यांना लस वाचवू शकत नव्हती, तिला काम करायला दोन आठवडे लागतात. हे सगळं मला तेव्हाही पाठ होतं. त्या सकाळी मात्र मी विचारलं नाही.

मी त्या वाड्यावर परत गेलो. जायला पाय होत नव्हते. एक म्हातारी पडवीत बसली होती. ती ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "सुई मारून कोंबे मेले, आता मिरगाक तुका कापू रे?" सगळी हसली. मलाही हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून माझा नियम झाला. पिशवी उघडायच्या आधी प्रत्येक दारात विचारायचं, "कोणी सुस्त आहे?" आणि एका दारी जरी होय आलं, तरी त्या वाड्यावर त्या दिवशी सुई बाहेर काढायची नाही. प्रत्येक घराला वेगळी उकळलेली सुई. खात्याने चार सुया दिल्या होत्या, मी पदरचे पैसे घालून वीस घेतल्या.

त्या वाड्यावरचा विश्वास मला देवीच्या लसीने परत मिळवून दिला. कोंबड्यांनाही देवी येतात, तुऱ्यावर, डोळ्यांभोवती फोड उठतात, पिल्लं आंधळी होऊन मरतात. तिची लस पंखाच्या पातळ पडद्यात दुहेरी सुईने भोसकायची असते. आठवड्याभराने तिथे गाठ आणि खपली आली तर लस लागली, नाही आली तर पुन्हा टोचायची. मी हे समजावून सांगत होतो, तर त्याच म्हातारीने लुगडं सारून दंडावरचा जुना व्रण दाखवला. माणसांना देवीची लस टोचण्याला आपल्या भाषेत 'देवी काढणं' म्हणतात, तिच्या लहानपणी तिच्या काढल्या होत्या. ती सुनेला म्हणाली, "अगे, कोंब्यांच्यो देवी काढता तो." त्यानंतर मला काही समजावावं लागलं नाही. आठवड्याने ती स्वतः घरोघर फिरून कोंबड्यांचे पंख उलगडून खपल्या तपासत होती.

वेळ कुठली धरायची, हेही गावानेच शिकवलं. आम्ही कागदावर मोहीम आखायचो, ती कधी मार्चात पडायची, कधी मे महिन्याच्या शेवटी. देवापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्या एका घाड्याने मला सुचवलं की चैत्र लागताच ये. पाडव्यानंतर येऊन गेलास की मिरगाला कोंबडा राहील. हिशेब अचूक होता. रोगाचा जोर वैशाखात, प्रतिकार यायला पंधरवडा, म्हणजे चैत्रच हवा. देवाच्या राखणीत आणि सरकारी मोहिमेत भांडण लागेल असं मला आधी वाटायचं. पण घाड्यालाही मिरगाला कोंबडा जिवंतच हवा होता.

डिचोलीचं गणित आणखी वेगळं होतं. शिरगाव, मये, लामगाव या भागात खाणी. पुरुष खाणीवर किंवा ट्रकवर, घरात बायका आणि कोंबड्या. रोग चालत यायचा तो बुधवारच्या बाजाराच्या वाटेने. एखाद्या घरात दोन कोंबड्या सुस्त दिसल्या की मालकीण बाकीच्या डालग्यात घालून बाजारात नेणार. मरायच्या आधी चार पैसे तरी सुटतील, असा तिचा विचार. ती कोंबडी तिसऱ्या गावी गेली की आठवड्यात तिथे मानमोडी. मी त्या बायकांना दोष देऊ शकलो नाही. माझ्या आईनेही १९६६ साली उरलेल्या तीनपैकी दोन विकल्याच होत्या.

*

पेडण्यातल्या माझ्या भानगडी जगभरच्या गरीब मुलखांच्या भानगडी होत्या, हे मला निवृत्तीच्या आसपास कळलं. १९६६ सालीच, म्हणजे आईच्या कोंबड्या मेल्या त्याच वर्षी, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये निरोगी कोंबड्यांत या विषाणूचा एक निरुपद्रवी भाऊ सापडला होता. त्याला व्ही-फोर म्हणतात. पीटर स्प्रॅडब्रो आणि त्यांच्या मलेशियातल्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात त्याचा उष्णता सोसणारा प्रकार निवडून काढला. पुढे त्याच घराण्यातला आय-टू हा प्रकार आला आणि ज्या देशांना हवा त्यांना तो स्वतःची लस करायला देण्यात आला. ही लस कडक उन्हात मरत नाही असं नाही, पण फ्रीजबाहेर काही आठवडे तग धरते. डोळ्यात एक थेंब टाकला की झालं. सुई नको, सुईवरून रोग पसरण्याची भीती नको.

तिचा गावपातळीवर सगळ्यात नेटका उपयोग ज्या देशांत झाला, त्यांत मोझांबिक आहे. रॉबिन आल्डर्स या ऑस्ट्रेलियन पशुवैद्य बाईंनी नव्वदच्या दशकापासून तिथे काम केलं. गावातल्याच माणसांना, त्यांत पुष्कळ बायका, थेंब टाकायला शिकवलं, वर्षातून तीनदा ठरलेल्या महिन्यांत फेरी, कोंबडीमागे थोडे पैसे. मोझांबिकचं नाव वाचून मी थबकलो. १७५२ सालापर्यंत पोर्तुगीजांच्या मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत होता. आमच्या हॉटेलांतलं कोंबडीचं काफ्रियाल तिकडूनच आलं म्हणतात. पेडणे आणि डिचोली तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हतीच. डिचोली १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला गेली, पेडणे १७८८ साली. तरी आफ्रिकेतल्या त्या बाया पहाटे खुराड्याशी बसून कोंबडीच्या डोळ्यात थेंब टाकत असतील, तेव्हा त्यांनाही कुणी काळा चहा पुढे करत असेल, असं मला वाटत राहिलं. चैत्राच्या हिशेबासारखा त्यांचाही हिशेब असणार, रोगाच्या आधी पोचायचा.

आमच्याकडे मात्र तोवर कोंबडीच बदलत होती. पुण्याशी ज्यांचं नाव जोडलं गेलं त्या डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि देशात ब्रॉयलरचं युग आलं. घाटावरून पिंजऱ्यांचे ट्रक गोव्यात उतरू लागले. त्या पक्ष्यांना लसी वेळच्या वेळी, एकाच दिवशी हजारांना. जुन्या गोव्यातल्या कृषी संशोधन केंद्रातून आणि इतर योजनांतून वनराजासारखी सुधारित पिल्लं घरोघर गेली. हैदराबादच्या संशोधकांनी परसासाठीच काढलेली जात, अंगाने भरीव, रंगाने गावठीसारखी. पण ती अंड्यांवर बसत नाही आणि घार दिसली तर तिला उडून झाडावर जाता येत नाही. आमच्या बायकांनी तोडगा काढला. वनराजाची अंडी गावठी खुडुकीखाली घालायची.

मग २००६ चा फेब्रुवारी आला. नंदुरबारमधल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तिथे लाखोंनी कोंबड्या मारून पुरल्या. आमच्याकडे रोग नव्हता, पण टीव्हीवर पांढऱ्या पोशाखातली माणसं बघून वाड्यांवर सन्नाटा पसरला. बायका मला विचारायच्या, याची सुई कधी आणणार? सांगावं लागायचं की याला आपल्याकडे लस देत नाहीत, रोग आला तर मारूनच टाकतात. एकीने त्या आठवड्यात आपल्या नऊ कोंबड्या फुकट वाटून टाकल्या आणि खुराड्याच्या फळ्या चुलीत घातल्या. पुन्हा तिने पाळल्या नाहीत.

*

मी २०१७ साली निवृत्त झालो. आता घरी पाच कोंबड्या आहेत, एक कोंबडा. मोपाच्या पठारावर विमानं उतरतात, त्यांच्या आवाजाला कोंबड्या आता दचकत नाहीत. शिवोलीचा पूल झाल्याला वीस वर्षं उलटून गेली, फेरी गेली, फेरीतल्या पाट्या गेल्या. वाड्यावर घरटी फ्रीज आहे. बर्फासाठी आता कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

गेल्या चैत्रात मी माझ्या कोंबड्यांसाठी लसीची कुपी आणली. सवयीने आदल्या संध्याकाळी वाड्यावर फिरलो. पहिल्या घरी कोंबड्या नाहीत, मुलगा पणजीला, सून नोकरीला. दुसऱ्या घरी तीन. तिसऱ्या घराला कुलूप. चौथ्या घरी बाई म्हणाली, "मिरगाक आम्ही आता म्हापशाहून हाडतो, साफ करून देतत." सगळा वाडा फिरून सव्वीस कोंबड्या झाल्या. पूर्वी या वाड्यावर एका पहाटेत दोन कुप्या संपायच्या.

पहाटे त्या सव्वीस टोचल्या. माझी आई ज्या पायरीवर बसून अंडी मोजायची, तिथेच बसून बाकीची लस मातीत ओतली. साधारण सदतीस मिलिलिटर, चौऱ्याहत्तर कोंबड्यांची. मिरगाचा कोंबडा शेजारी उभा राहून ओल्या मातीत चोच मारत होता. मी त्याला हाकललं, तर तो दोन पावलं गेला आणि परत आला.